चौथा ठोका

९ जून, सोमवार

आज प्रियंकानं डबा वाजवायला लावला. ही फिजिओथेरपिस्ट, वर्ध्याची मुलगी, आठवड्यातून तीनदा येते. म्हणाली, एक बाजू गेलेल्या माणसाला ठेक्यावर चालवलं तर पाय लवकर उचलतो. "काका तर ड्रम वाजवायचे म्हणता न तुम्ही? मग द्या की ठेका. काहीही वाजवा काकू."

पोह्यांचा रिकामा डबा आणि लाकडी डाव. अरविंद उभे राहिले, डाव्या हातात चार पायांची काठी, उजवीकडून प्रियंका. एक पाऊल पडलं आणि थांबले. मी पुन्हा वाजवलं, ते पुन्हा थांबले. मग माझ्याकडे वळून असं काही पाहिलं की बस्स. एप्रिलमध्ये मेंदूत गुठळी झाली, बोलणं गेलं, उजवा हात-पाय गेला. तो कटाक्ष तेवढा शाबूत आहे.

चूक माझीच. आरतीला टाळी वाजवतो तशी मी पहिल्या ठोक्यावर मारत होते.

१० जून

लग्न झालं त्या वर्षी अ. नी मला शिकवायचा प्रयत्न केला होता. एक, दोन, तीन, चार. आपण सगळे एकवर आणि तीनवर टाळी देतो. ह्यांच्या ग्रुपच्या त्या इंग्रजी बीट म्युझिकमध्ये दोनवर आणि चारवर. "एकवर कुणीही मारतं. एक जाऊ द्यायचा. दोनवर द्यायचा." मी विचारलं, एक जाऊ देऊन मिळतं काय? म्हणाले, "लोक उठून उभे राहतात."

तेव्हा जमलं नाही. दोन दिवसांत "तू भजनी मंडळ काढ" म्हणून शिकवणी बंद.

आज सकाळभर कणीक मळताना घोकलं. एक सोडला, दोनवर थाप. तीन सोडला, चारवर थाप. परातीत पीठ कमी, कट्ट्यावर जास्त. दुपारी जमलं. डबा दोनवर, डबा चारवर. सहा पावलं टाकली. सहा!

हसले नाहीत. पण कटाक्षही नव्हता.

१४ जून

शब्द एकच उरलाय. "मग." चहा हवा, मग. नको, मग. लेकीचा, मुक्ताचा, बंगलोरहून फोन, मग. सूर तेवढा वेगळा. पुण्याच्या माणसाचं तेवढ्यावर भागतं.

आज ड्रमच्या स्टिक्स शोधल्या. ड्रम्स कधीच गेले. कॅम्पातली भाड्याची जागा सोडून बिबवेवाडीला आलो तेव्हा एका शाळेच्या बँडला देऊन टाकले. दोन स्टिक्स राहिल्या. एक मागच्या खिडकीला टेकू, एक जळमटं काढायला. धुऊन पुसून हातात दिल्या. उजव्या मुठीत एक नुसती अडकवली, डाव्या हातानं दुसरी तिच्यावर मारली.

टक्. टक्. टक्.

मान डावीकडे वळवून मागं पाहिलं. मागं फ्रीज. बराच वेळ पाहत राहिले. "मग," आणि स्टिक्स मांडीवर.

१७ जून

पुन्हा तेच. तीन ठोके, मागं फ्रीजकडे बघणं, मग. दिवसातून पाच-सहा वेळा. चौथा नाही म्हणजे नाही. कुणी जिना चढताना शेवटच्या पायरीवर उभं राहिल्यासारखं मला होतं.

प्रियंकाला सांगितलं. ती म्हणाली, मान वळून राहिली न, चांगलं आहे. वर मलाच बोलणी. "काकू, काका शब्द शोधून राहिले असतात अन् तुम्ही लगेच देऊन टाकता. थांबत जा. त्यांचं त्यांना पुरं करू द्या."

मुलीचं खरं आहे. पण शेहेचाळीस वर्षांची सवय. ह्यांनी "जरा" म्हटलं की मी पाणी आणते. "ते हे" म्हटलं की चष्मा. ह्यांची निम्मी वाक्यं मीच पुरी केली असतील. अटॅक आला त्या सकाळी "नलू, मला" एवढं म्हणाले आणि मी म्हटलं, "आणते चहा, थांबा." आत गेले. परत आले तोवर

नको ते.

२४ जून, मंगळवार

नीट लिहून ठेवते. 

दुपारी पावणेतीन. ह्या वेळी आमच्या सोसायटीत पंखेसुद्धा दबकून फिरतात. अ. खुर्चीत, मी समोर डबा मांडीवर घेऊन. टक्, टक्, टक्. मागं फ्रीजकडे पाहिलं. थांबले. मीही थांबले, प्रियंकानं सांगितलं होतं म्हणून. पाच मोजले, दहा मोजले. मग राहवलं नाही आणि डबा वाजवला. चौथा. शब्द द्यावा तसा देऊन टाकला.

फरशीतून आलं. ऐकू आलं असं म्हणता येत नाही, तळव्यांना कळलं. धम्. मग रिकामं. धम्. मग रिकामं. एकवर आणि तीनवर. दोनची आणि चारची जागा मोकळी, कुणासाठी पाट मांडून ठेवावा तशी.

अ. उभे राहिले. कुणाचा हात नाही, काही नाही. काठी घेतली आणि चालायला लागले. पाय धम् वर, काठी रिकाम्या जागेत. पाय, काठी, पाय, काठी. दिवाणाच्या कोपऱ्याशी उजवा पाय, हो, तोच मेलेला पाय, गुडघ्यातून उचलला आणि पलीकडे टाकला. खाली काही आडवं पडलेलं असल्यासारखा. बाल्कनीच्या दारापर्यंत अकरा पावलं. तिथं थांबले. फरशीही थांबली.

मी रडले. लिहितेच आहे तर कबूल करते. आनंदानंच रडले, आधी.

२५ जून

खाली जाऊन आले. आमच्या खालचा फ्लॅट तीन वर्षं बंद आहे, मालक परदेशात. कुलपावर धूळ, दारावर जुन्या दिवाळीचं तोरण, मीटरची जागा रिकामी. दाराला हात लावून उभी राहिले. थंडगार. वरच्या जिन्यातून कुणी उतरत होतं तेव्हा चपलेचा पट्टा लावते आहे असं दाखवलं. ह्या वयात काय काय करावं लागतंय.

दुपारी पुन्हा दिला चौथा. पुन्हा चालले. तेरा पावलं.

२७ जून

प्रियंकासमोर करून दाखवलं. तीन त्यांचे, चौथा माझा. तिनं तोंडावर हात ठेवला. "काका पाय उचलून राहिले काकू! असा पाय सहा-सहा महिने उचलत नसतो." मग दिवाणाच्या कोपऱ्याशी गेली, खाली वाकून फरशी पाहिली. "इथं काय असते?"

काही नाही, म्हटलं.

"मग हे काय ओलांडून राहिले?"

तिला विचारलं, तुला काय काय ऐकू आलं. डबा अन् काठी, म्हणाली. आणखी? "आणखी काय काकू?"

१ जुलै

दारात चिठ्ठी. सोसायटीचे सेक्रेटरी पेंडसे ह्यांच्या वळणदार अक्षरात. "दुपारी १ ते ४ ही विश्रांतीची वेळ आहे. ह्या वेळेत डबे वाजवणे हा व्यायाम असल्यास तो मूकपणे करावा." लगेच वर गेले. म्हटलं, अहो, नवऱ्याला चालायला शिकवते आहे. जरा नरमले. मीच विचारलं, तुम्हाला नेमकं काय ऐकू येतं?

"डबा."

फक्त डबा?

"फक्त डबा. तेवढा पुरेसा आहे."

८ जुलै, मंगळवार

आता लिहायलाच हवं, नाहीतर डोक्यात फिरत राहील.

ते धम् धम् म्हणजे दिनकर. चौघांच्या त्या ग्रुपमध्ये बेस गिटार दिनकर वाजवायचा. हडकुळा, वाजवताना डोळे मिटलेले. गेले दहा दिवस त्यावर आणखी एक आवाज आलाय, किसणीवर नारळ ओढावा तसा, खर्र् खर्र्. तो व्हिक्टर. तो गायचा आणि जोडीला गिटार झोडायचा. लग्नाआधी दोनदा अ. नी मला त्यांच्या तालमीला नेलं होतं, कॅम्पातल्या एका बेकरीच्या मागच्या गोदामात. पायाखाली सगळ्या वायर्स पसरलेल्या. पाय उचलून उचलून चालावं लागायचं.

व्हिक्टरला जाऊन बारा वर्षं झाली. दिनकर कोविडमध्ये गेला.

भीती वाटते का, तर वाटते.  पण नवरा रोज वीस पावलं चालतोय. रंग सुधारलाय. परवा स्वतःच्या हातानं घास घेतला. कुणाच्या ठेक्यावर चालतोय ह्याची चौकशी मी करायची की त्याला धरायचं?

सगळं वाजतं आणि तरी काहीतरी कमी आहे. वरणभात वाढलाय आणि तूप यायचंय.

१० जुलै

मुक्तासाठी व्हिडिओ काढला. तिनं दहा वेळा पाहिला म्हणे. "आई, बाबा ग्रेट आहेत." पाच मिनिटांनी पुन्हा फोन. "आई, ते चालताना कशावरून पाय टाकतायत?"

मीही तो व्हिडिओ पाहिला. डबा, काठी, माझा श्वास. दुसरं काही नाही.

१५ जुलै, मंगळवार

रॉनीला फोन केला. त्या ग्रुपमधला तिसरा, आणि अ. सोडून आता एकटाच उरलेला. सूर काढायचा तो, लीड गिटार. आता गोव्यात असतो, बायकोच्या गावी. किती वर्षांनी बोललो. अ. ची तब्येत सांगितली. मग विचारलं, हे तीनच ठोके का मारतात?

खो खो हसला. "वहिनी, तो आमचा जोक होता! गाणं सुरू करायला ड्रमर चार ठोके देतो. वन, टू, थ्री, फोर, आणि सगळे एकदम आत. पण अरविंद थ्री देऊन मागं बघायचा. सगळे रेडी आहेत का. एक जण जरी रेडी नसला तर फोर द्यायचाच नाही. परत वनपासून. दुसरा ड्रमर असा नाही करणार, तो देऊन टाकेल, तुम्ही या नाहीतर मरा."

आणि रेडी कोण नसायचं?

"मीच, आणि कोण. माझी तार कायम उतरलेली. स्टेजवर पब्लिक ओरडतंय आणि हा माझ्यासाठी फोर धरून बसलाय. पेशन्स बघ त्याचा."

तुम्ही उभे कुठे असायचात?

"त्याच्या मागं, लेफ्टला. का?"

काही नाही, सहज. मग विचारलं, अजून वाजवता का? म्हणाला, कुठलं, बोटं आखडली, गिटार वर्षभर भिंतीवर टांगलेली होती. "पण परवा उतरवली. परवा नाही, तीन आठवडे झाले. मंगळवार होता, मंगळवारी बायको चर्चला जाते ना. जेवून आडवा झालो होतो, एकदम उठलो, गिटार काढली आणि ट्यून करत बसलो. का ते विचारू नको. तेव्हापासून रोज दुपारी बसतो. अजून एक तार उतरते साली."

मी कॅलेंडर पाहिलं. तीन आठवड्यांपूर्वीचा मंगळवार, चोवीस जून.

म्हटलं, रॉनी, ती गिटार परत भिंतीवर टांगा.

हसला. "का, बायकोनं तुला फोन केला काय?"

१६ जुलै

चौथा दिला नाही. अ. तीन मारून मागं पाहत राहिले. मी डबा पदराखाली घेऊन बसले. "मग." मी फरशीकडे बघत राहिले.

१८ जुलै

चौथा न देता नुसताच ठेका दिला. दोनवर, चारवर. चार पावलं आणि पाय अडकला. प्रियंका गोंधळली. "मागच्या आठवड्यात तर इतके मस्त चालून राहिले होते." तिच्यासमोर "मग, मग" असं दोनदा म्हणाले, माझ्याकडे बोट दाखवून. ती म्हणाली, काकू, तुम्ही तो एक ठोका का नाही देऊन राहिल्या?

म्हटलं, हात दुखतोय.

२१ जुलै, सोमवार

तीन दिवस उठले नाहीत. उजव्या टाचेला लाल चट्टा आलाय. रात्रीचा घास घशात अडकला. मला हेच दिसतंय, गोव्यातला माणूस दिसत नाही. देवा.

२२ जुलै, मंगळवार

फक्त आज, असं स्वतःशी म्हटलं.

पावणेतीनला ते फ्रीजकडे बघत होते, मी दिला.

धम् आलं, खर्र् आलं, आणि तिसऱ्या फेऱ्याला वरून सूर आला. तूप पडलं. इतकं सुंदर वाजत होतं की मी उभी राहिले. मीसुद्धा. एक जाऊ दिला, दोनवर डबा दिला, हात आपोआप पडत होता. अ. घरभर चालले. स्वयंपाकघरातून बाहेर, बाल्कनीपर्यंत, परत. हसत होते. दोन्ही गालांनी हसत होते. एप्रिलपासून उजवा गाल हललेला नाही.

तेवढा वेळ मी सुखात होते. हे खोडायचं नाही.

२३ जुलै

सकाळी रॉनीच्या बायकोचा फोन. काल गेला. ती चर्चमधून आली तेव्हा खुर्चीत होता, गिटार मांडीवर. तीनच्या आसपास असेल, डॉक्टर म्हणाले. वय झालं होतं, हृदय मोठं झालेलं होतंच. ती म्हणाली, त्याचा चेहरा इतका शांत होता की मी चहा टाकायला आत गेले.

मी काय बोलले आठवत नाही.

अ. ना सांगितलं नाही. सांगायची गरज आहे असं वाटत नाही.

२४ जुलै

हृदय मोठं झालेलं होतं. ते आधीपासून होतं. माझ्या डब्यानं मोठं झालं नाही. हे सकाळपासून किती वेळा म्हणाले.

पण मीच दिला. चार आठवडे तो माणूस तार जुळवत होता आणि हे त्याच्यासाठी थांबून होते. ह्यांनी दिला नाही, मी दिला. दुसऱ्याचं वाक्य पुरं करायची ही घाई मला कुठून लागली कोण जाणे.

डबा माळ्यावर टाकला.

११ ऑगस्ट

डॉक्टर घरी येऊन गेले. छातीत कफ. टाच बरी नाही. "चालवा हो त्यांना, मध्यंतरी चालत होते ना?" हो, म्हटलं. "मग काय झालं?"

प्रियंकानं मोबाईलवर ठेका लावून पाहिला, टिक टिक टिक टिक. अ. नी डोळे मिटून घेतले.

स्टिक्स लपवून ठेवल्या होत्या. आज पाहते तर ह्यांच्या मांडीवर. कपाटापर्यंत कसे गेले?

१९ ऑगस्ट, मंगळवार

तीन. मागं पाहत नाहीत आता. फ्रीजकडे मान वळतच नाही. समोर कुठेतरी. मी भाजी निवडत होते, नीट पाहिलं नाही. पाहायचं टाळलं म्हण.

२७ ऑगस्ट

गणपती बसले. मुक्ताला सुट्टी नाही, मूर्ती पेंडसे आणि त्यांच्या मुलानं आणून दिली. आरतीला वरखालची दहा माणसं. सगळ्यांच्या टाळ्या पहिल्यावर. अ. खुर्चीत, डावा हात मांडीवर, दोनवर. दर वर्षी हेच. दर वर्षी मी डोळे वटारायची. आज मी टाळी वाजवायला हात उचलले आणि एकवर मारताच येईना. सगळे एकवर, आम्ही दोघं दोनवर. पेंडशांच्या बायकोनं वळून पाहिलं.

प्रसाद घेताना पेंडसे म्हणाले, "तुमच्या खाली भाडेकरू ठेवला वाटतं मालकानं. आम्हाला कळवायची पद्धत नाही."

नाही हो, कुलूप आहे.

"मग गिटार कोण जुळवतंय? दुपारी गच्चीवरून उतरताना ऐकलं. टँव टँव, एकच तार. वाजवत काही नाही, नुसतं जुळवणं. नोटीस लावतो."

हातातला मोदक खाली ठेवला. म्हणजे आता मलाच ऐकू येतं असंही नाही.

३० ऑगस्ट

खालच्या दारावर पेंडशांची नोटीस. "दुपारी १ ते ४ वाद्ये जुळवू नयेत. जुळवायची असल्यास एकदाच जुळवावीत."

वाचून हसू आलं. मग जिन्यात बसून राहिले.

३ सप्टेंबर, बुधवार

काल विसर्जन झालं. घर रिकामं वाटतंय. खोकला वाढलाय. डॉक्टर म्हणाले, आठवडाभरात उठले नाहीत तर ॲडमिट करू.

दुपारी अडीचला हाक आल्यासारखं वाटलं म्हणून गेले. खुर्चीत ताठ बसलेले. केस पाणी लावून मागं फिरवलेले, कुणी फिरवले माहीत नाही, मी नाही. खालून तार जुळवल्याचा आवाज. थोडा वर, थोडा खाली, आणि लागली. स्पष्ट लागली. मग काही नाही.

टक्. टक्. टक्.

आणि माझ्याकडे पाहिलं. फ्रीजकडे नाही, समोर नाही, माझ्याकडे. ह्या वेळी टाळलं नाही, मीही पाहिलं. तेव्हा कळलं. डावा हात ठणठणीत आहे. चौथा मारायला ह्यांना कोण अडवतंय? कधीच कुणी अडवलं नव्हतं. दिनकर आहे, व्हिक्टर आहे, रॉनीची तार लागली. रेडी कोण नाही, तर मी.

"मग?" म्हणाले. इतक्या हळू त्यांनी तो शब्द कधी उच्चारला नव्हता.

दिला तर हे उठतील. घरभर चालतील, दोन्ही गालांनी हसतील. बाल्कनीच्या दाराशी थांबतील की नाही ते मला माहीत नाही. नाही दिला तर इथेच बसतील, खोकत, माझ्यासाठी. ह्यांना काय हवंय ते आयुष्यात पहिल्यांदा मला सांगता येत नाही. ह्यांचं हे एक वाक्य मला पुरं करता येत नाही.

जवळ जाऊन गुडघ्यावर हात ठेवला. म्हटलं, "अहो, मी नाही तयार."

रागावतील असं वाटलं. कटाक्ष आला नाही. स्टिक्स मांडीवर ठेवल्या. माझ्या हातावर हात ठेवला, डावा. खाली सगळं गप्प होतं, तीन माणसं श्वास धरून उभी असतात तसं. मग त्यांनी स्टिक्स पुन्हा उचलल्या आणि पहिल्यापासून सुरू केलं.

टक्. टक्. टक्.

हे लिहिते आहे तेव्हा सव्वाचार झालेत. किती वेळा झालं ते मोजलेलं नाही. दर वेळी तीन, दर वेळी माझ्याकडे बघणं, दर वेळी मी मान हलवते आणि ते परत पहिल्यापासून घेतात. कंटाळलेले दिसत नाहीत.

डबा माळ्यावर आहे. माळ्याखाली मी सकाळी स्टूल ठेवलंय, गणपतीचं मखर वर टाकायला म्हणून. मखर अजून टाकलेलं नाही. स्टूलही हलवलेलं नाही.